विद्यानगरी गटिंगेन

जर्मनीच्या जवळजवळ मध्यभागी लाइने नावाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या काठी गटिंगेन हे गाव वसले आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर. गावास बंदर नाही, राजधानीचा थाट नाही, की डोळे दिपून जावेत असा एखादा राजवाडाही नाही. परंतु गणिताचा किंवा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक कोणत्याही देशातला असो, त्याच्यापुढे या गावाचे नाव काढताच त्याच्या मुद्रेवर आदर उमटतो. याचे कारण येथील विद्यापीठ. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा त्या काळी जर्मनीतील हानोव्हर प्रांताचाही अधिपती होता. त्याच्या आश्रयाने हे विद्यापीठ निघाले व १७३७ साली त्याचे उद्‌घाटन झाले. तेव्हापासून विद्यापीठ आणि गाव ही एकमेकांत अशी मिसळून गेली आहेत, की गावातून विद्यार्थी व अध्यापक वजा केले तर बाकी काय उरेल, असा प्रश्न पडावा. आजही दर पाच रहिवाशांमागे सुमारे एक विद्यार्थी असतो.

या गावातून पायी हिंडणाऱ्याच्या नजरेत एक गोष्ट लागलीच भरते. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर संगमरवरी पाट्या बसविलेल्या आहेत. पाटीवर एक नाव, त्या मनुष्याचा व्यवसाय आणि तो त्या घरात कोणत्या साली राहिला ते आकडे, एवढाच मजकूर असतो. स्तुतीचे शब्द नाहीत. ही चाल १८७४ साली पडली आणि अद्याप चालू आहे. आता पाट्यांची संख्या तीनशेंवर गेली आहे. कोणी जन्मभर राहिला त्याची पाटी, कोणी विद्यार्थी म्हणून वर्षभर राहिला त्याचीही पाटी. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन १७६६ साली येथे केवळ भेटीस आला होता. त्यालाही गाव विसरलेले नाही.

मी ज्या शाळेत अनेक वर्षे शिकवीत होतो, तेथील सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांच्या नावांचा एक मोठा लाकडी फलक होता. ज्या मुलास एके काळी आम्ही वर्गाबाहेर उभे केले, त्याचेच नाव पुढे सोनेरी अक्षरांत त्या फलकावर रंगविण्याचा प्रसंग आमच्यावर एकदोनदा आला. तेव्हा आम्हां शिक्षकांना जरा ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे. गटिंगेनच्या पाट्यांविषयी वाचताना मला तो फलक आठवतो. एखाद्या गावाने एखाद्या थोर माणसास ‘हा आमचा’ असे म्हणावे, ते कोणत्या अधिकाराने? तो तेथे जन्मला म्हणून, तेथे शिकला म्हणून, की त्या गावाने त्यास सांभाळले म्हणून?

या गावास सर्वांत अधिक अभिमान आहे तो कार्ल फ्रीड्रिख गाउस या गणितज्ञाचा. १८०७ साली तो येथील वेधशाळेचा प्रमुख झाला आणि १८५५ साली मरण पावेपर्यंत गटिंगेन सोडून कोठे गेला नाही. १९९१ साली जर्मनीत दहा मार्कांची एक नवी नोट निघाली, तिच्यावर गाउसचे चित्र होते. त्याच्या मागे गटिंगेनमधील इमारती आणि घंटेच्या आकाराची एक वक्ररेषा छापलेली होती. तुमच्या शाळेतील सर्व मुलांची उंची मोजून पाहा. फार उंच मुले थोडी, फार ठेंगू मुले थोडी आणि मधल्या उंचीची मुले पुष्कळ, असे आढळेल. ही माहिती आकृतीच्या रूपाने मांडली, तर बहुधा तशीच घंटा तयार होते. मोजमापातील चुकांचा विचार करताना गाउसने या रेषेचा उपयोग केला. २००२ साली युरोच्या नोटा चलनात आल्या आणि ती नोट गेली. पण अनेकांनी ती आठवण म्हणून जपून ठेवली आहे.

मात्र गाउसवर हक्क सांगणारे आणखी एक गाव आहे. त्याचे नाव ब्राउनश्वाइग. गाउसचा जन्म १७७७ साली तेथील एका गरीब कुटुंबात झाला. मुलाची विलक्षण बुद्धी पाहून तेथील सरदाराने त्यास शिष्यवृत्ती दिली. ती नसती, तर बापाप्रमाणे त्यालाही अंगमेहनतीची कामे करावी लागली असती. पुढे गटिंगेन येथे विद्यार्थी असताना, १७९६ सालच्या मार्च महिन्यात, त्याने एक अपूर्व शोध लावला. केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा समान बाजूंची आकृती काढता येते, हे त्याने सिद्ध केले. त्रिकोण, चौकोन, पंचकोन कसे काढावेत हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. पण सतरा बाजूंची आकृती अशा रीतीने काढता येईल, हे त्यानंतरच्या दोन हजार वर्षांत कोणास सुचले नव्हते. गाउसचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. गंमत अशी, की त्या दिवशी तो सुट्टीसाठी ब्राउनश्वाइग येथे घरी आला होता आणि ही कल्पना त्यास सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या सुचली! १८०१ साली सेरेस नावाचा एक लहानसा ग्रह आकाशात दिसला व थोड्याच दिवसांत सूर्याच्या तेजात हरवला. तो पुन्हा कोठे दिसेल हे गाउसने गणिताने सांगितले आणि तो खरोखरच तेथे सापडला. तेव्हाही गाउसचा मुक्काम ब्राउनश्वाइग येथेच होता. त्या गावाने आपल्या चौकात त्याचा पुतळा उभारला असून त्याच्या चौथऱ्यावर सतरा टोकांची तारका कोरलेली आहे. एका गावाने अन्न दिले आणि दुसऱ्याने ग्रंथालय दिले. यात डावे-उजवे कसे करावे? मला तर दोन्ही गावांचे म्हणणे खरे वाटते.

गटिंगेनच्या स्वतःच्या मालकीविषयी ज्यात शंका नाही, अशी एक वस्तू म्हणजे तारायंत्र. १८३१ साली विल्हेल्म वेबर हा तरुण शास्त्रज्ञ गटिंगेन येथे पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून आला. गाउसची वेधशाळा गावाबाहेर आणि वेबरची प्रयोगशाळा गावाच्या मध्यात. दोहोंत सुमारे एक किलोमीटर अंतर. दोघेही पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करीत होते. एकाच क्षणी दोन ठिकाणी मापे घ्यावयाची, तर एकमेकांस निरोप पोहोचविण्याचे साधन हवे. दरवेळी माणूस धाडला, तर तो पोहोचेपर्यंत तो क्षण निघून जाई. तेव्हा १८३३ साली वेबरने घरांच्या छपरांवरून आणि सेंट योहान्नीस नावाच्या चर्चच्या मनोऱ्यावरून दोन तारा नेऊन दोन्ही ठिकाणे जोडली. एका टोकास विजेचा प्रवाह सोडला, की दुसऱ्या टोकास तारेच्या वेटोळ्यात टांगलेला लोहचुंबक किंचित हाले. प्रवाहाची दिशा उलट केली, की तो दुसऱ्या बाजूस वळे. हे हालणे इतके सूक्ष्म असे, की ते पाहण्यासाठी चुंबकास आरसा लावून दुर्बिणीतून त्याकडे पाहावे लागे. डावीकडे, उजवीकडे अशा हालचालींच्या निरनिराळ्या जुळण्या करून त्यांनी प्रत्येक अक्षरास एक खूण ठरविली. आधी सुटे शब्द आणि मग पुरी वाक्ये, असे निरोप गावाच्या डोक्यावरून जाऊ लागले. खाली बाजारात हिंडणाऱ्या लोकांना त्याचा पत्ताही नसे.

या दोघा विद्वानांनी त्यातून पैसा मिळविण्याचा विचार केला नाही. त्या तारा १८४५ साली वीज पडून नष्ट झाल्या. आता गटिंगेनचे लोक ‘जगातील पहिले तारायंत्र आमचे’ असे म्हणतात, त्यात थोडी सुधारणा केली पाहिजे. रशियात शिलिंग नावाच्या गृहस्थाने १८३२ साली सुईच्या हालचालीने निरोप पाठवून दाखविले होते. म्हणून ‘पहिले’ हा शब्द जपून वापरावा. परंतु गावावरून तारा नेऊन वर्षानुवर्षे रोजच्या कामासाठी त्यांचा उपयोग करणे, ही गोष्ट गटिंगेनचीच खरी. १८९९ साली गावाने दोघांचा एकत्र पुतळा उभारला. त्यात गाउस खुर्चीवर बसलेला असून वेबर त्याच्या शेजारी उभा आहे.

तारायंत्र सुरू झाल्यावर चारच वर्षांनी वेबरवर मोठा प्रसंग ओढवला. १८३७ साली हानोव्हरच्या गादीवर अर्न्स्ट आउगुस्ट हा नवा राजा बसला. राज्यास लिखित घटना होती. ती त्याने एका हुकमाने रद्द केली. या घटनेशी इमानाने वागू, अशी प्रत्येक प्राध्यापकाने शपथ घेतलेली होती. राजाने घटना मोडली म्हणून आमची शपथ मोडत नाही, असे पत्र विद्यापीठातील सात प्राध्यापकांनी लिहिले. त्यांत वेबर होता आणि ज्यांच्या परीकथा तुम्ही ऐकल्या असतील, ते याकोब व विल्हेल्म ग्रिम हे बंधूही होते. राजाने सातही जणांना नोकरीवरून काढून टाकले. याकोब ग्रिम धरून तिघांना तर तीन दिवसांच्या आत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम झाला. गाउसने त्या पत्रावर सही केली नव्हती. बडतर्फ झालेल्यांत त्याचा मित्र होता, त्याचा जावई होता. परंतु तो उघडपणे काही बोलला नाही. पाट्या आणि पुतळे पाहताना ही गोष्टही ध्यानात असू द्यावी.

नोकरी गेल्यावर ग्रिमबंधूंनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. जर्मन भाषेतील शब्दांचा उगम आणि इतिहास सांगणारा कोश रचण्याचे त्यांनी १८३८ साली ठरविले. त्याचा पहिला खंड १८५४ साली निघाला. विल्हेल्म १८५९ साली वारला. याकोब १८६३ साली वारला, तेव्हा तो ‘फळ’ या अर्थाच्या जर्मन शब्दापर्यंत पोहोचला होता. पुढच्या पिढ्यांनी ते काम नेटाने चालविले आणि १९६१ साली कोश पुरा झाला. अखेरच्या काळात त्याची दोन कार्यालये होती. एक बर्लिन येथे आणि दुसरे गटिंगेन येथे. ज्या गावातून याकोबला तीन दिवसांत बाहेर पडावे लागले, त्याच गावात त्याच्या ग्रंथाची शेवटची पाने तयार झाली!

त्या सात जणांना आता ‘गटिंगेनचे सात’ असे म्हणतात. विद्यापीठातील मोठ्या चौकास त्यांचेच नाव आहे. हानोव्हर शहरात रेल्वेस्थानकासमोर त्या राजाचा अश्वारूढ पुतळा आहे. २०१५ साली गटिंगेनच्या रेल्वेस्थानकासमोर एक स्मारक उभारले गेले. ते म्हणजे हानोव्हरच्या त्या पुतळ्याचा हुबेहूब चौथरा होय. त्यावर सातांची नावे कोरली आहेत. मात्र वर घोडा नाही आणि राजाही नाही.

गावाचा अभिमान सर्वच बाबतींत असा गंभीर नसतो. पुढे जर्मनीचा मुख्य प्रधान झालेला बिस्मार्क १८३२ साली येथे कायदा शिकण्यास आला. अभ्यासापेक्षा दांडगाईतच त्याने अधिक नाव मिळविले. त्याच्या खोड्यांमुळे त्यास गावात राहण्याची बंदी झाली व वेशीवरील एका लहानशा गोल बुरुजाच्या घरात बिऱ्हाड करावे लागले, असे सांगतात. ते घर आज मोठ्या कौतुकाने दाखविले जाते. कवी हाइने यालाही एका द्वंद्वयुद्धाच्या भांडणावरून विद्यापीठाने काही काळ घालवून दिले होते. पुढे त्याने येथूनच पदवी घेतली आणि या गावाची अशी थट्टा केली, की कीर्तीच्या यादीत मांसाच्या पदार्थाला पहिले स्थान आणि विद्यापीठाला दुसरे! गावाने तीही थट्टा आपल्या संग्रहात जमा करून टाकली.

बाजारचौकात जुन्या नगरभवनासमोर १९०१ साली बसविलेले एक कारंजे आहे. त्यावर बदके घेऊन उभ्या असलेल्या एका लहान मुलीची मूर्ती आहे. लोक तिला गेन्झेलीझल म्हणतात. जो कोणी विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवितो, त्याची मित्रमंडळी त्यास सजविलेल्या गाडीत बसवून मिरवीत येथे आणतात. तो कारंजावर चढतो, मूर्तीला फुले वाहतो आणि तिचा मुका घेतो. फार गोंगाट होऊ लागला, म्हणून १९२६ साली या प्रकारास मनाई करण्यात आली. एक विद्यार्थी त्याविरुद्ध न्यायालयात गेला आणि हरला. तरीही चाल काही मोडली नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही या गावाशी जुना ऋणानुबंध आहे. फ्रांझ कीलहॉर्न हे जर्मन संस्कृतज्ञ १८६६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक म्हणून आले आणि सुमारे पंधरा वर्षे तेथे राहिले. पुण्यातील शास्त्र्यांजवळ बसून त्यांनी पाणिनीच्या व्याकरणाचे अध्ययन केले. पतंजलीच्या महाभाष्याची अनेक हस्तलिखिते ताडून पाहून त्यांनी त्या ग्रंथाची जी शुद्ध प्रत सिद्ध केली, ती मुंबईहून १८८० ते १८८५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मायदेशी परतल्यावर ते गटिंगेनच्या विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक झाले व १९०८ साली मरण पावेपर्यंत तेथेच राहिले. डेक्कन कॉलेजातील त्यांच्या जागेवर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची नेमणूक झाली. १८८५ साली गटिंगेनच्या विद्यापीठाने भांडारकरांना डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. ज्यांच्या नावाने १९१७ साली पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, तेच हे भांडारकर. कीलहॉर्न यांच्या महाभाष्याची सुधारलेली आवृत्तीही पुढे त्याच संस्थेने काढली. मग कीलहॉर्न कोणाचे? गटिंगेनचे की पुण्याचे? पुण्याने आपला हक्क सांगितला, तर तो मी तरी नाकारणार नाही.

आता जे सांगावयाचे आहे, ते या गावास सांगताना जड जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड हिल्बर्ट या गणितज्ञामुळे जगभरचे विद्यार्थी गटिंगेनकडे धाव घेत होते. १९१५ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमी नोएथर या विदुषीस येथे बोलाविले. परंतु स्त्रीने विद्यापीठात शिकवावे, ही कल्पनाच कित्येक अध्यापकांना सहन होईना. त्यावर हिल्बर्ट चिडून म्हणाला, की हे विद्यापीठ आहे, स्नानगृह नव्हे, अशी आख्यायिका आहे. तोड अशी निघाली, की व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हावीत आणि ती द्यावीत नोएथरबाईंनी. अशी काही वर्षे गेल्यावर १९१९ साली त्यांना स्वतःच्या नावाने शिकविण्याची परवानगी मिळाली. निसर्गाचे नियम काल होते तसेच आज असतात, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीतूनच ऊर्जा कधी नष्ट होत नाही हा सिद्धांत निघतो, हे त्यांनी गणिताने दाखवून दिले. आजचे पदार्थविज्ञान या विचारावर फार अवलंबून आहे.

१९३३ साली हिटलरचे राज्य आले. त्याच्या सरकारने ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढून टाकण्याचा कायदा केला. नोएथरबाई ज्यू होत्या; त्यांचे काम गेले. अणूच्या अंतरंगाविषयीचे नवे शास्त्र ज्याने येथे उभे केले, तो माक्स बॉर्न गेला. त्याचा मित्र जेम्स फ्रँक यास नोबेल पारितोषिक मिळालेले होते. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीच्या बाजूने लढला असल्यामुळे कायद्याने त्याची जागा राहू शकत होती. तरी त्याने आपण होऊन राजीनामा दिला आणि तो का दिला, हे वर्तमानपत्रांतून जाहीर केले. तेव्हा काही सहकाऱ्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी त्याच्याविरुद्ध पत्रक काढले. त्याच वर्षी १० मे रोजी या विद्यानगरीत पुस्तकांची होळी झाली. काही महिन्यांतच जगातील एक श्रेष्ठ गणितशाळा ओस पडली. गणित कसे चालले आहे, असे एका मंत्र्याने विचारले असता, येथे आता गणित उरलेलेच नाही, असे उत्तर म्हाताऱ्या हिल्बर्टने दिले, असे सांगतात. १९४३ साली हिल्बर्ट वारला, तेव्हा अंत्ययात्रेस मोजकीच माणसे होती.

युद्ध संपल्यावर, १९५३ साली, गटिंगेनने आपल्या वसाहतीस हजार वर्षे पुरी झाल्याचा उत्सव केला. त्या वेळी बॉर्न व फ्रँक यांना बोलावून गावाचे सन्माननीय नागरिक करण्यात आले. ते दोघेही आले. फ्रँक १९६४ साली याच गावी पाहुणा म्हणून आला असता वारला. बॉर्नला १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली तो गटिंगेन येथेच मरण पावला. गावाच्या दफनभूमीत नोबेल पारितोषिक मिळविलेल्या आठ विद्वानांची थडगी आहेत, त्यांत एक त्याचे आहे. त्याच्या दगडावर त्याने मांडलेले गणिताचे सूत्र कोरलेले आहे. हिल्बर्टही जवळच विसावला आहे.

नोएथरबाई तेथे नाहीत. त्या १९३३ साली अमेरिकेतील ब्रिन मॉर या गावी गेल्या आणि तेथील मुलींच्या महाविद्यालयात शिकवू लागल्या. १९३५ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्या एकाएकी वारल्या. वय अवघे त्रेपन्न. त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयास लागून एक जुन्या धर्तीची ओवरी आहे. तिच्या फरसबंदीखाली त्यांची रक्षा ठेवलेली आहे. तेथील विद्यार्थिनी पुस्तके घेऊन तिच्यावरून रोज ये-जा करीत असतात.